ऊसतोडीला निघण्याआधी एवढी एक तपासणी

नमस्कार.

दसरा झाला की आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं उसाला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड जिल्ह्यात हे सांगावं लागत नाही, पण आवाहन पुण्या-मुंबईतही वाचलं जाईल म्हणून लिहिलं. एकदा फडात गेलं की एका दिवसाचा खाडा परवडत नाही, मग दवाखाना कुठला? म्हणून निघण्याआधीच गावातल्या 120 बायकांचं रक्त नीट तपासून घ्यायचं आमच्या बचत गटाने ठरवलं आहे.

शिबिरं होतात की, असं कुणी म्हणेल. होतात. मागच्या वर्षीही झालं. बोट टोचलं, रक्त येईना म्हणून पिळून पिळून काढलं, हिमोग्लोबिनचा आकडा लिहिला, लोहाच्या गोळ्या हातात दिल्या. पिळलेल्या थेंबात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो, हे नंतर लॅबमधल्या ताईंनी सांगितलं. आमच्या गटातल्या एकीने सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. शेवटी निघालं काय, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापाकडून आलेला रक्तातला सौम्य दोष. त्यातही लोह कमी असल्यासारख्या लाल पेशी लहानच दिसतात, पण लोह कमी असतंच असं नाही.

हा फरक कळायला सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) जोडीला फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी लागते. हिमोग्लोबिन म्हणजे परातीतलं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतली ज्वारी. आधी कणगी रिकामी होते, परातीत खडखडाट सगळ्यात शेवटी. फेरिटिन 15 च्या खाली गेलं की साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना मानते. बरेच डॉक्टर 30 च्या खालीच उपचार सुरू करतात. ताप किंवा अंगात सूज असेल तर मात्र फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून सोबत सीआरपी ही अंगातली सूज दाखवणारी तपासणीही करायची.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना अॅनिमिया आढळला. आमच्याकडे त्यामागे बहुतेकदा अंगावरून जास्त जाणं असतं, आणि त्यावर झटपट सल्ला मिळतो तो गर्भाची पिशवी काढण्याचा. या जिल्ह्यात काढलेल्या पिशव्यांची चौकशी करायला 2019 साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. हातात धड रिपोर्ट असला तर बाई डॉक्टरला निदान विचारू तरी शकते, की आधी रक्तस्राव आणि लोह यांचं काय करता?

तिन्ही तपासण्यांना लॅबने सवलतीत बाईमागे 650 रुपये सांगितले आहेत, म्हणजे 78,000. गटाने 18,000 जमवले. 60,000 कमी पडतात. एका बाईचा खर्च उचललात तरी चालेल. नळ्या त्याच दिवशी तालुक्याला पोचवायला एक गाडी आणि बर्फाची पेटी हवी आहे. शिरेतून रक्त घेता येणारे कुणी दोन दिवस आले तर फारच बरं. गोळ्या कृपया पाठवू नका, त्या उपकेंद्रात फुकट मिळतात.

पावती मिळेल, हिशेब मारुतीच्या देवळातल्या फलकावर लागेल. कुणाचा रिपोर्ट काय आला ते मात्र तिलाच सांगितलं जाईल, देणगीदारालाही नाही. दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात आमची बैठक असते, तिथे या. घटस्थापनेआधी पैसे जमले तर टोळ्या हलायच्या आत सगळ्यांचे रिपोर्ट हातात येतील.

— गटाच्या सगळ्याजणी