प्रेमकथा म्हणजे भरताड नव्हे

रविवारच्या पुरवणीतील किशोरांच्या कादंबऱ्यांवरील लेखात प्रेमकथेला सरसकट ‘भरताड’ ठरवले आहे, ते पटले नाही. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) सत्तेने दूरचित्रवाणीवर मांडलेल्या जीवघेण्या स्पर्धेत उतरलेली नायिका कॅटनिस सहस्पर्धक पीटावरचे प्रेम कॅमेऱ्यासमोर रंगवते, कारण प्रायोजकांची मदत आणि पर्यायाने दोघांचा जीव त्यावर अवलंबून असतो. ते प्रेम वगळले, तर तमाशा मांडणाऱ्या सत्तेवरची टीकाच लुळी पडते. ‘ट्वायलाइट’ या कादंबरीबाबतचा (२००५) लेखातील आक्षेप मात्र रास्त आहे. १९०१ साली जन्मलेला, पण व्हॅम्पायर (रक्तपिपासू) असल्याने तरुणच राहिलेला एडवर्ड १७ वर्षांच्या नायिकेच्या, बेलाच्या खोलीत रात्री चोरून शिरतो, तिला झोपलेली पाहत राहतो आणि कादंबरी त्याला प्रेम म्हणते! माझ्या आठवीतल्या भाचीलाही हे खटकले होते.

– एक वाचक, सातारा