व्हिडिओ गेमचा वारसा भंगारात जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की नौपाडा, कोपरी, वागळे इस्टेट या भागांतल्या घरांच्या माळ्यांवरून जुने टीव्ही खाली उतरतात आणि त्यांच्यासोबत व्हिडिओ गेमचे डबे, रिमोट आणि कॅसेटीही भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जातात. हे सामान कायमचे हातातून जाण्याआधी त्याविषयी ठाणेकरांशी थोडे बोलावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्याला आपण सरसकट 'व्हिडिओ गेम' म्हणत आलो, ते यंत्र मुळात निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिली कॉम्प्युटर'. मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली घडलेले हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. अमेरिकेत त्या सुमारास या धंद्याची अशी पडझड झाली होती की दुकानदार व्हिडिओ गेम ठेवायलाही राजी नव्हते. तेथे १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या रूपात 'एनईएस' (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) म्हणून आले आणि त्याने तो धंदा पुन्हा उभा केला. जगभरात त्याची सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे विकली गेली. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आल्या त्या मात्र त्याच्या स्वस्त नकला.

या यंत्राचा खरा वारसा मला त्याच्या काटकसरीत दिसतो. त्याच्या प्रोसेसरला काम करण्यासाठी मिळणारी स्मृती अवघी २ किलोबाइट होती आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ, त्याच्या सगळ्या पातळ्या, चित्रे आणि कोजी कोंडो यांच्या संगीतासह, ४० किलोबाइटांत बसवला होता. त्या खेळातले आकाशातील ढग आणि जमिनीवरची झुडपे नीट न्याहाळली, तर आकार एकच असून फक्त रंग बदलल्याचे ध्यानात येते. जागा वाचवण्यासाठी केलेली ही योजना इतकी बेमालूम आहे की वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनाही ती जाणवली नाही. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असा नमुना हाताळून पाहता आला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हे सारे खेळ आता मोबाइलवरही खेळता येतात, मग जुने सामान कशाला, असे कोणी विचारील. त्यांनी पडद्यावरची बदके टिपण्याच्या 'डक हंट' या खेळाची बंदूक आठवावी. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो की नाही यावर नेम ठरतो. ही वेळेची जुळणी काचेच्या नळीच्या जाड टीव्हीसाठीच केलेली असल्यामुळे आजच्या सपाट पडद्यासमोर ती बंदूक निरुपयोगी ठरते. म्हणजे जुना टीव्ही गेला की तो खेळही गेला.

आपल्याकडच्या नकलांनाही कोणी कमी लेखू नये. त्यांची कॅसेट उघडली तर बहुधा हिरव्या पट्टीवर काळ्या रसायनाचा एक ठिपका तेवढा दिसतो. त्याखाली चिप दडलेली असते आणि त्यावर ना निर्मात्याचे नाव असते ना साल. अमेरिकेत एका संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तेथील ८७ टक्के जुने खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नसल्याचे आढळले. जिथे मूळ खेळांची ही स्थिती, तिथे अशा निनावी कॅसेटींची नोंद आपणच ठेवली नाही तर दुसरे कोण ठेवणार?

कॅसेट चालेना म्हणून तिच्यात फुंकर मारण्याची आपली जुनी सवय मात्र आता सोडावी, कारण तोंडातल्या ओलाव्याने तिच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसून कोरड्या होऊ द्याव्यात.

माझी विनंती एवढीच, की १८९३ पासून पुस्तके जपणाऱ्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने किंवा ठाणे-नवी मुंबईतील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने एक जुना टीव्ही आणि एक चालू यंत्र मांडता येईल इतका कोपरा यासाठी द्यावा, आणि नागरिकांनी आणून दिलेल्या कॅसेटींची यादी छायाचित्रांसह करावी. तशी सोय झाल्यास माझ्याकडील यंत्र, बंदूक आणि सर्व कॅसेटी मी विनामूल्य देईन. शिवाय त्यांच्या साफसफाईसाठी आणि दुरुस्तीसाठी दर रविवारी सकाळी येण्याचीही माझी तयारी आहे.

आपला,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे