पहिल्या पाच मिनिटांच्या एफपीएसवर जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, पण चार ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नाहीये म्हणून हे पत्रच लिहायला घेतलंय, सावकाश वाच. तू गेमिंगसाठी दोन लॅपटॉप काढलेयस, एक जाडजूड, आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डवाला आणि एक स्लिम, दिसायला एकदम देखणा, आरटीएक्स ४०६० वाला, किंमत दोघांची जवळपास सारखीच, आणि तुझा जीव त्या ४०६० मध्ये अडकलाय कारण आकडा मोठा आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबी. माझं मत आधीच सांगून टाकतो, जाडा घे. का ते आता सांगतो.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव म्हणजे अर्धीच गोष्ट असते. चिपला बोर्डाकडून वीज किती मिळणार हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, त्याला टीजीपी म्हणतात, आणि ४०५० काय नि ४०६० काय, दोन्हींसाठी एन्व्हिडियाने ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक ठेवलीये. म्हणजे बॉक्सवर एकच स्टिकर, आत एकाला ४५ वॅट आणि दुसऱ्याला शंभराच्या पुढे. तू पाठवलेल्या स्लिमच्या स्पेसिफिकेशनमध्ये अगदी तळाशी, बारीक अक्षरात ४५ वॅट लिहिलंय बघ. जाड्याचं ९५ आहे. ४०६० मध्ये ३०७२ कोर आहेत, ४०५० मध्ये २५६०, त्यामुळे सारखी वीज मिळाली तर ४०६० पुढेच जाणार याबद्दल वाद नाही, पण ४५ वॅटमध्ये त्या सगळ्या कोरना एवढा कमी क्लॉक (चालण्याचा वेग) मिळतो की जास्तीच्या कोरचा फायदाच उरत नाही. अजून एक, या दोन्ही चिपना साधारण शंभर वॅटच्या वर कितीही दिले तरी फारसं काही मिळत नाही, त्यामुळे कोणी १४० वॅट म्हणून जास्त पैसे मागितले तर भुलू नकोस. ९५ म्हणजे ४०५० साठी एकदम मोक्याची जागा आहे.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. माझ्या चुलत भावाकडे असाच एक स्लिम ४०६० आहे आणि माझ्याकडे ४०५० चा ठोकळा, दोन्ही एकाच टेबलावर ठेवून आम्ही सायबरपंक २०७७ एकाच सेव्ह फाइलवरून चालवला, १०८०पी, सेटिंग्ज हाय, डीएलएसएस (कमी रेझोल्युशनचं चित्र मोठं करणारं एन्व्हिडियाचं तंत्र) क्वालिटी मोडला, कोपऱ्यात आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचा ओव्हरले, म्हणजे गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी, लावून. पहिली पाच मिनिटं दोघं जवळपास बरोबरीत, भाऊ तर खुशच झाला होता. मग हळूहळू त्याच्या ओव्हरलेमधला क्लॉक खाली यायला लागला, २१०० च्या आसपास होता तो १९०० झाला, १७०० झाला, अर्ध्या तासाने १५०० मेगाहर्ट्झच्या जवळ येऊन बसला, आणि ६८ दाखवणारा एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पन्नाशीत आला. वर कीबोर्डच्या मधल्या पट्टीला, डब्ल्यू-ए-एस-डीच्या जरा वर, बोट ठेववत नव्हतं. माझा आवाज करत होता, चांगलाच करत होता, हेडफोन लावल्याशिवाय बसवत नाही त्याच्यासमोर, पण सत्तरीत सुरू झाला आणि सत्तरीतच राहिला. आपण गेम खेळतो ते तास दोन तास, आणि रिव्ह्यूमधला बेंचमार्क बरेचदा काही मिनिटांत आटोपतो. म्हणून मी म्हणतो की लॅपटॉप तापल्यानंतर जे उरतं तोच त्याचा खरा परफॉर्मन्स, आणि पैसे त्याचेच मोजायचे.

पातळ बॉडीत कंपनीचा काही वाईट हेतू असतो असं नाही, जागाच नसते. सीपीयू आणि जीपीयू दोघांची उष्णता बहुतेक वेळा त्याच कॉपरच्या हीटपाइपवरून जाते, मग एक तापला की दुसऱ्यालाही झळ बसते, फर्मवेअर बघतं की तापमान ९५ अंशांच्या वर चाललंय आणि दोघांचे वॅट कमी करतं. जाड्यात फिन मोठे, पंखे मोठे, मागच्या बाजूने गरम हवा बाहेर जायला नीट वाट. एवढाच फरक, पण सगळा खेळ त्याच्यावर.

आता व्हीरॅम. इथे मात्र तुझा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो हलक्यात घेत नाहीये. जाड्यातल्या ४०५० ला ६ जीबी आणि मेमरी बस (डेटा ये-जा करायचा रस्ता) ९६ बिटची, स्लिमच्या ४०६० ला ८ जीबी आणि १२८ बिट. व्हीरॅम भरला की कार्ड टेक्स्चर साध्या रॅममध्ये टाकायला लागतं आणि तिथून परत आणताना गेम अडखळतो, किंवा काही गेम सरळ भिंतीवरचे टेक्स्चर धूसर करून मोकळे होतात, तू जवळ जाऊन उभा राहिलास तरी पोस्टरवरची अक्षरं चिखलासारखी दिसतात. ४ जीबी वाली कार्डं म्हणून मी आता कुणालाच सुचवत नाही, मग ते ३०५० चं जुनं व्हर्जन असो की २०५०. (२०५० चं नाव जुन्या २०-सिरीजसारखं आहे पण चिप ३०५० च्याच घराण्यातली, फक्त मेमरी बस कापून ६४ बिटची केलेली, लक्षात ठेव, कुणी स्वस्त म्हणून गळ्यात मारेल.) ६ जीबीत आज १०८०पी ला टेक्स्चर हायऐवजी मीडियम ठेवून बहुतेक गेम नीट चालतात. पुढच्या दोनतीन वर्षांत ते जास्त टोचेल हे खरं. म्हणून हाच ४०६० तुला ८०-९० वॅटचा, जरा जाड बॉडीत मिळाला असता तर मी डोळे झाकून तोच घे म्हटलं असतं. पण ४५ वॅटचा ८ जीबी आणि ९५ वॅटचा ६ जीबी यात मी दुसऱ्याच्याच बाजूने आहे, कारण टेक्स्चर एक पायरी खाली आणता येतं, वॅट वर नेता येत नाहीत.

डीएलएसएसबद्दल तू विचारलंयस की त्याने सगळंच सुटतं का. नाही सुटत, पण बजेट लॅपटॉपमध्ये त्याची किंमत खूप आहे. १०८०पी वर क्वालिटी मोडला गेम आतून ७२०पी रेंडर होतो आणि मग वर ओढला जातो, चित्र बरंच चांगलं राहतं, कार्डावरचा भार उतरतो. फ्रेम जनरेशन ही वेगळी गोष्ट, ४० सिरीजपासून आली, ती मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालते, त्यामुळे आकडा फुगतो पण माउसला हात लावल्यावर जो प्रतिसाद मिळतो तो सुधारत नाही, उलट जरासा मागे पडतो, आणि शिवाय ती व्हीरॅमही खाते, जो जाड्यात आधीच ६ जीबीच आहे. मूळ एफपीएस साठीच्या आसपास असेल तर चालू कर. तिशीत असेल तर नको, हातात नुसती चिकचिक जाणवते.

आणि सरासरी एफपीएस बघून निर्णय घेऊ नकोस रे, वन परसेंट लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) बघ. १४४ हर्ट्झ स्क्रीनला प्रत्येक फ्रेम सात मिलिसेकंदांच्या आत लागते, ६० ला सोळा-सतरा. सरासरी ९० दिसतेय पण मध्येच एखादी फ्रेम पन्नास मिलिसेकंदांची आली तर तुझ्या डोळ्याला तोच धक्का लागतो, बाकीच्या ८९ कुणाला आठवतात.

ह्या धक्क्यांचं बजेट लॅपटॉपमधलं एक मोठं कारण म्हणजे रॅमची एकच स्टिक. जाड्यात ८ जीबीची एक स्टिक येतेय असं दिसतंय. ती तशीच ठेवू नकोस, ताबडतोब दुसरी घाल. एका स्टिकने मेमरी सिंगल चॅनलवर चालते, बँडविड्थ अर्धी, आणि व्हॅलोरंटसारखा सीपीयूवर अवलंबून असलेला गेम त्यात सगळ्यात जास्त मार खातो. माझ्या लॅपटॉपमध्येही तसंच आलं होतं, मागचे स्क्रू काढले, प्लास्टिकचं झाकण जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने सैल केलं, बॅटरीचा कनेक्टर काढला, दुसरी स्टिक तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिप टक्कन बसतात. झाकण लावून तोच मॅच, तोच मॅप, आणि गेममध्ये धूर पसरला की जे अडखळायचं ते जवळजवळ गेलं. सरासरी थोडीच वाढली, पण लो आकडे पार बदलले. फक्त आधी वॉरंटीच्या अटी वाचून घे आणि जुनी स्टिक कुठल्या स्पीडची आहे ते बघून तशीच घे. स्लिममध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलीये, १६ जीबी आहे म्हणून आज चांगली वाटते, पण ती तेवढीच राहणार.

प्रोसेसरच्या नावावरून तू गोंधळलायस ते साहजिक आहे, नावंच तशी ठेवलीयेत. जाड्यात रायझन ७ ७४३५एचएस आहे. त्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा आर्किटेक्चर सांगतो, इथे ३, म्हणजे झेन ३ च्या पिढीचं, नवीन दिसलं तरी आतून जुनं. पण आठ कोर सोळा थ्रेड आहेत आणि ४०५० ला पुरून उरतं. स्लिममधला आय५ १३४२०एच पण बाराव्या पिढीच्या १२४५०एच चाच भाऊ आहे, चार मोठे कोर चार छोटे, त्यामुळे त्या बाबतीत कुणी कुणाला हिणवायचं कारण नाही.

मात्र ७४३५एचएस ची एक गोष्ट तुला माहीत असायलाच हवी, त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेली छोटी ग्राफिक्स चिप) नाहीच. त्यामुळे एमयूएक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्स चिपला जोडायची ते ठरवणारा) आहे का नाही हा प्रश्नच मिटतो, स्क्रीन कायम एन्व्हिडियाच्या कार्डालाच जोडलेली, फ्रेम दुसऱ्या चिपमधून फिरून येत नाहीत, गेमिंगला हे चांगलंच. पण नुसता ब्राउझर उघडला तरी मोठं कार्ड जागंच, म्हणून बॅटरी लवकर संपते. तुझा लॅपटॉप टेबलावरून हलणार नाही असं तूच म्हणालास, त्या भरवशावर मी हा सुचवतोय. रोज बॅगेत घालून क्लासला न्यायचा असेल तर मला सांग, मग माझं उत्तर बदलेल. बॅटरीवर गेमिंगचा विचार तर कुठल्याच लॅपटॉपवर करू नकोस, साधा हिशोब आहे, ६० वॅट-आवरची बॅटरी आणि खेळताना १३० वॅट लागत असतील तर अर्धा तासही निघणार नाही, म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच वॅट छाटतो.

स्क्रीनमध्ये जाडा कमी पडतो, हे कबूल. २५० निट्स (उजेड) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांची व्याप्ती) म्हणजे रंग फिके, लाल जरा विटकरीकडे झुकतो, आणि खिडकीसमोर बसलास तर अंधाऱ्या सीनमध्ये तुझंच तोंड दिसेल. गेमिंगला चालतं. पण तू व्हिडिओ एडिटिंगही करणार आहेस, त्यात कलरचं काम या स्क्रीनवर करू नकोस, त्याला एक बरा बाहेरचा मॉनिटर लाव, तो पुढचा लॅपटॉप घेतलास तरी उपयोगी पडेल. स्टोरेजचं टेन्शन नको घेऊस, दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी लावायची जागा) आहे.

माझा हिशोब पहिल्यापासून हाच आहे की जे नंतर बदलता येतं त्यासाठी आज भांडू नये. रॅम वाढेल, एसएसडी वाढेल, मॉनिटर बाहेरचा येईल, पण कार्ड, त्याचे वॅट आणि कूलिंग हे आज घेतलं तेच शेवटपर्यंत.

घेतलास की परत करायची मुदत संपायच्या आत एवढं नक्की कर. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन उघड, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर दिसते, ती ९५ वॅटच आहे ना बघ, कमी असेल तर वेळ न घालवता परत कर. मग एचडब्ल्यूइन्फो (वॅट, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून तुझा सगळ्यात जड गेम सलग तासभर खेळ, चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर. सीपीयू नव्वदीत गेला तरी घाबरू नकोस, या लॅपटॉपमध्ये ते नेहमीचंच, तू बघायचं की जीपीयूचे वॅट शेवटपर्यंत टिकतायत का. आवाज फार वाटला तर सीपीयूचा बूस्ट बंद करून बघ, कार्डावर अवलंबून असलेल्या गेममध्ये एफपीएस जवळपास तेवढाच राहतो आणि तापमान चांगलंच उतरतं. आणि फ्रेम लिमिट लाव, ९० ला पुरे, लोडिंग स्क्रीनवर तीनशे एफपीएस काढून कुणाचं भलं होत नाही. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेव, खालून हवा मिळाली पाहिजे.

त्या तासाभराचा लॉग मला पाठव, आपण दोघं मिळून बघू. स्टिक घालताना हवं तर व्हिडिओ कॉल कर, मी समोर बसून सांगतो, पण बॅटरीचा कनेक्टर आधी काढ.

तुझाच,
रात्री उशिरापर्यंत लॉबीत वाट बघणारा मित्र