रान परत मागायची पण काहीतरी तारीख असावी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पानावर खंडानं, वाट्यानं जमीन देण्याबद्दल अधूनमधून छापून येतं, पण दिलेली जमीन परत कशी घ्यायची यावर कोण लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी कोरेगाव तालुक्यातला, सव्वीस वर्षं भोसरीत कंपनीत फिटर होतो, व्हीआरएस घेऊन गावी आलोय. घरचं रान दोन एकर तीस गुंठे, विहिरीत चुलत्यांबरोबर निम्मा हिस्सा. वडील २०१४ ला गेले तेव्हापासून ते रान भावकीतलेच एक आण्णा करत होते. पहिली तीन वर्षं निम्म्या वाट्यानं केलं, घेवडा सोयाबीन ज्वारी असं काय असेल ते, पण वाट्याचा हिशोब करायला मी सुगीला तिथं नसायचो, ते सांगतील तो आकडा, मग मीच म्हणालो आण्णा ठरवून खंड द्या, म्हणजे पीक येवो न येवो ठरलेली रक्कम, डोक्याला ताप नको. एकरी ठरलं, गुढीपाडव्याला पैसे हातात. कागद नाही, सही नाही, साक्षीदार कोण तर त्यांच्या दारातली म्हैस.

दसऱ्याला (२०२४ चा) गावी गेलो तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं की आण्णा, पाडव्यापासून रान मी स्वतः करणार. ते म्हणाले "करा की, तुमचंच हाय." मी चहा पिऊन निघालो, वाटलं झालं काम.

पाडव्याला रानात गेलो तर सगळं आल्याचं पीक उभं. उभं म्हणजे पाला कधीच पडलेला, कंद गादीवाफ्यात तसेच. आमच्या भागात कोणालाही विचारा, आल्याची लागण अक्षय तृतीयेच्या आसपास होते, आठ-नऊ महिन्यांनी काढायला येतं, पण दर नसला की काढत नाहीत, जमिनीतच ठेवतात, पाणी दिलं की वर्ष-दीड वर्ष राहतं. २०२३ ला जो दर मिळाला तो डोक्यात ठेवून सगळ्यांनी आलं वाढवलं न पुढं दर आपटला, त्या पाडव्याला ५०० किलोच्या गाडीला व्यापारी जे सांगत होता त्यात काढणीची मजुरी पण निघंना अशी अवस्था होती. मी म्हणालो आण्णा, दसऱ्याला बोललो होतो. ते बांधावर उकिडवे बसलेले, तंबाखू मळत म्हणाले, "दादा, आलं म्हंजे काय मेथीची जुडी हाय व्हय, सकाळी उपटली न दुपारी बाजारात? तुम्ही दसऱ्याला सांगितलं, मी अक्षय तृतीयेलाच बेणं टाकून बसलेलो."

आता यात चुकलं कोण? मला त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू, पण घरी येऊन हिशोब मांडला तर त्यांचंच बरोबर. पाडवा ते पाडवा हा हिशोब ज्वारी-घेवड्याचा आहे. आलं काय, आडसाली ऊस काय, ही पिकं वर्षात बसतच नाहीत. आणि आल्याचं तर असं की एकाच रानात परत परत घेतलं तर कंदकूज लागते म्हणून आलंवाले दुसऱ्याची रानं खंडानं शोधत फिरतात, म्हणजे ज्या पिकासाठी सगळ्यात जास्त रानं भाड्यानं जातात त्याच पिकाला आपली पाडव्याची रीत लागू पडत नाही.

मग गावातल्या शहाण्यांनी घाबरवलं. पारावर बसलं की एकच, "दहा वर्षं झाली, कूळ लागलं समज," म्हणजे कसणाऱ्याचा कायद्यानं जमिनीवर हक्क लागला. एकानं तर सांगितलं की रात्रीत जेसीबी घाल, पीक मोड, मग बघू. असले सल्ले देणारे कोर्टात बरोबर येत नाहीत. मी साताऱ्यात एका वकिलाकडे गेलो, सातबारा, फेरफार आणि वडिलांच्या ट्रंकेतली सगळी कागदं घेऊन.

आणि खरी गंमत तिथं झाली साहेब. वकिलांनी ट्रंकेतला एक जुना पिवळा कागद उलगडला, कडा फाटलेल्या, आणि माझ्याकडे बघून हसले. कुळकायद्याच्या कलम ३२म चं, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचं सर्टिफिकेट होतं ते, आजोबांच्या नावचं. म्हणजे ज्या जमिनीला कूळ लागेल म्हणून मी घाबरलो होतो ती जमीन आमच्याकडे आलीच कूळ म्हणून. मला माहीत होतं की आजोबा दुसऱ्याचं रान करायचे, पण ते हेच रान हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. १९४८ चा कुळवहिवाट कायदा, त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारा कूळ मालक मानला गेला, मग ३२ग खाली किंमत ठरली, आजोबांनी हप्त्यानं भरली. त्या वेळी मालकाला स्वतः कसायला जमीन परत मागायचा रस्ता पण कायद्यात होता, कलम ३१, पण कुळाला लेखी नोटीस ३१ डिसेंबर १९५६ च्या आत द्यायची न ३१ मार्च १९५७ च्या आत मामलेदाराकडे (म्हणजे आताच्या तहसीलदाराकडे) अर्ज करायचा, आणि एवढं करून पण निम्म्यापेक्षा जास्त जमीन कुळाकडून काढता येत नव्हती. आज्जी सांगायची की त्या डिसेंबरात पोस्टमन गल्लीत दिसला की आजोबा गोठ्यात जाऊन बसायचे. मालकाची नोटीस आली नाही. आली असती तर मी आज हे पत्र लिहायला नसतो, किंवा आण्णांच्या जागी असतो.

वकिलांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दात सांगतो. दुसऱ्याची जमीन कायदेशीर कसणारा माणूस कलम ४ प्रमाणे कूळ धरला जातो, घरचा माणूस आणि पगारी गडी सोडून, पण वाट्यानं पीक घेणारा गडी त्या सवलतीत येत नाही. म्हणजे "मी फक्त वाट्यानं दिलंय, खंडानं नाही" म्हणून निवांत राहणाऱ्यांनी जागं व्हावं. १९५७ नंतरच्या कुळाला ३२ओ खाली कूळवहिवाट सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत खरेदीचा हक्क सांगायचा असतो. कूळ आहे का नाही हा वाद तहसीलदारापुढं ७०ब खाली चालतो. कूळ राजीखुशीनं सोडत असेल तरी ते लेखी पाहिजे आणि तहसीलदारानं पडताळलेलं पाहिजे, ओट्यावर चहा पिऊन होत नाही. आणि वर माझाच कान धरला, की तुमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं लिहिलंय ते कधी वाचलं का? असली जमीन विकायलाच नाही तर भाड्यानं द्यायला पण परवानगी लागायची, २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून ते मोकळं करता येतं, तुम्ही काय केलंत? मी काय करणार, मी दर पाडव्याला पैसे घेतले.

तर असं आहे हे. मालक कागद करत नाही कारण कागद केला तर कूळ लागेल. कसणारा मागत नाही कारण मागितला तर रान जाईल. आणि मालकाला शहाणे सांगतात सालाला माणूस बदल, म्हणजे पाय रुततच नाही. बदलणाऱ्या माणसानं त्या रानात शेणखत का टाकावं? आमच्या शेजारचं रान सात वर्षांत पाच जणांनी केलंय, माती बघा, पाऊस पडला की वर नुसता पांढरा थर दिसतो. आण्णांनी माझ्या रानात नुसत्या शेवटच्या वर्षी दहा ट्रॉल्या शेणखत टाकलं होतं, ट्रॉली पाच हजारानं. विहिरीपासून पाइपलाइन त्यांची. ठिबक गुंडाळून नेता येतं, पाइपलाइन उकरून नेता येते, शेणखत कसं नेणार?

आणि एक गोष्ट सांगितली नाही तर पत्र खोटं होईल. रान ते करत होते पण सातबारा माझा, म्हणून पीक पाहणी माझ्या नावानं, त्यांचा पोरगाच मोबाइलवरून फोटो काढून लावायचा, आणि अतिवृष्टीचं अनुदान यायचं माझ्या खात्यावर, भोसरीत. एका वर्षी मी ते गावी येऊन त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या वेळी मुलीची फी भरायची होती, ती भरली, आण्णांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पीक त्यांचं वाहून गेलं होतं. हे मी वकिलाला पण सांगितलं नव्हतं.

शेवटी कोर्टकचेरी केली नाही. चुलत्यांना मध्ये घालून बसलो, ठरलं की अक्षय तृतीयेपर्यंत आलं काढायचं, शेणखताचे निम्मे आणि पाइपलाइनचे धरतील ते पैसे मी द्यायचे, आणि या वेळी कागद केला, दोघांच्या सह्या, जमीन सोडल्याचा अर्ज तहसीलला. त्या अनुदानाचे पैसे पण मी त्यात धरले, आण्णा नको म्हणत होते, वहिनींनी घेतले. अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती, त्यांना अजून दहा दिवस पाहिजे होते, बायका मिळत नव्हत्या काढायला, मी म्हणालो घ्या. आणि २०२५ चा मे आठवतोय ना तुम्हाला, मेच्या मध्यालाच पाऊस बसला तो हटलाच नाही. निम्मं आलं चिखलात राहिलं, सडायला लागलं, बायका गुडघाभर चिखलातनं कंद उचलून पाटीत टाकायच्या, पाटीला आल्याचा वास नाही, कुजक्या बटाट्यासारखा वास. व्यापाऱ्यानं त्यात जुनं आलं वेगळं, नवं वेगळं असा भेद काढून अजून दर पाडला. त्यांचं नुकसान झालं, आणि मला वाफसा मिळाला नाही म्हणून नांगरट नाही, सोयाबीन जुलैत पेरलं, सप्टेंबरच्या पावसानं शेंगा काळ्या पडल्या, हमीभाव ५,३२८ होता, तो पेपरात वाचला, मार्केटला दिसला नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या शेतीचं एवढंच वर्णन पुरे. बायको म्हणते कंपनीत बरे होता. असू दे.

माझं म्हणणं एवढंच की आजोबांच्या वेळच्या कायद्यात निदान तारीख होती, नोटीस होती, मालकाला स्वतः कसायचं असेल तर दार कुठं आहे ते माहीत होतं आणि कुळाला पण माहीत होतं कधीपर्यंत धाकधूक करायची. आता सगळं तोंडी. नीती आयोगानं २०१६ ला टी. हक समितीकडून शेतजमीन भाडेपट्ट्याचा मॉडेल कायदा करून घेतला, त्यात हेच आहे की मुदत दोघांनी ठरवायची, मुदत संपली की जमीन आपोआप मालकाची, कुळाचा हक्क लागणार नाही, आणि त्या कागदावर कसणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळावी. आमच्या तलाठी ऑफिसात जाऊन विचारा, त्यांना पण हे नवीनच. गावात एक पानी फॉर्म मिळू दे, त्यात गट नंबर, पीक कुठलं, आणि मुदत सणावर नको, पिकावर, आलं असेल तर आलं निघेपर्यंत पण अमुक तारखेच्या पुढं नाही, असं. नोटीस किती महिने आधी ते छापलेलं असू दे. शेणखत-पाइपलाइन कोणाची तो एक रकाना. कसतोय त्याच्या खात्यावर अनुदान. मालकाला भीती नको, आणि कसणाऱ्याला दसऱ्याला चहाच्या कपात निरोप नको.

आण्णा आता दुसऱ्याचं रान बघतायत, ओढ्यापलीकडचं, अकरा महिन्यांचं सांगितलंय म्हणे मालकानं, तोंडी. त्यांच्या ठिबकच्या नळ्यांचं एक बंडल अजून माझ्या बांधावर आंब्याखाली पडलंय, न्यायला आले नाहीत, मी पण निरोप पाठवला नाही.

नाव छापू नये ही विनंती, भावकीचा विषय आहे.

आपला,
एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा