जाफन्याहून परतल्यानंतर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

बाबा, रस्त्यात मोरी आली की तुम्ही अजूनही गाडी हळू करायला लावता, आणि आई त्याला ‘यांचा स्वभाव’ म्हणते. तो स्वभाव नाही, युद्धातल्या आघाताने जडणारा मनाचा विकार (पीटीएसडी) आहे, असे मला आता निश्चितपणे वाटते, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहीत आहे.

जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, तुमची पलटण शांतिसेना म्हणून श्रीलंकेत उतरली आणि ऑक्टोबरात त्याच सेनेला तमिळ वाघांकडून (एलटीटीई या सशस्त्र संघटनेकडून) जाफना शहर लढून घ्यावे लागले. रस्त्याखाली आणि मोऱ्यांत सुरुंग पेरलेले होते, आणि समोरून सायकलवर येणारा मुलगा शाळेत निघाला आहे की वाघांचा निरोप्या आहे, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग नव्हता. अशा ठिकाणी सतत सावध राहिलेल्या माणसाचे शरीरच सावधपणा शिकते, आणि बदलीचा हुकूम आला म्हणून ते तो विसरत नाही. आपले सुमारे १,२०० जवान तिथे मृत्युमुखी पडले. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही आले नाहीत. कारगिलच्या जवानांना निदान मिरवणुका तरी मिळाल्या. तुम्हाला कोणी काही विचारले नाही, आणि तुम्हीही सांगितले नाही.

हे दुखणे जुने आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असे आधी मानले गेले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिले, पण पुढे ज्यांच्या जवळपास गोळा पडलाच नव्हता असे सैनिकही तसेच थरथरताना दिसू लागले. त्याच युद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या, ज्यांतले काही मनाने पार कोलमडलेले होते, आणि त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडले. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्यांनी आवाज उठवल्यावर १९८० मध्ये या विकाराची अधिकृत नोंद झाली. म्हणजे धीर कमी पडला म्हणून हे होते, ही समजूत वैद्यकशास्त्राने केव्हाच सोडली आहे. आपल्या गावाने सोडलेली नाही, एवढेच.

बाबा, तुम्ही म्हणाल की नोकरीत असताना काही झाले नाही, मग या वयात कसे? कामाची शिस्त असेपर्यंत मन गुंतलेले राहते, आणि निवृत्तीनंतर, मित्र एकेक करून जाऊ लागले की, दाबून ठेवलेले वर येते. अनेक देशांतल्या वृद्ध सैनिकांत डॉक्टरांनी हे पाहिले आहे. उपचार आजही होऊ शकतो: प्रशिक्षित व्यक्तीशी टप्प्याटप्प्याने बोलणे, आणि गरज असल्यास औषधे. रात्रीची ती बाटली मात्र झोप आणते आणि स्वप्ने तशीच ठेवते. रागावू नका, पण हे कोणीतरी लिहायलाच हवे होते.

पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, सैनिकांसाठी स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, आणि तिचा १४४१६ हा क्रमांक तर सर्वांसाठीच आहे. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी वापरताच. त्याच दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागता येईल. मी पुढच्या महिन्यात येते आहे, तेव्हा जाऊ. आई, तूही सोबत चल, कारण झोपेत ते काय ओरडतात हे त्यांना सकाळी आठवत नाही, आणि डॉक्टर ते तुलाच विचारतील.

तुमची,
वैशाली