शेजारी राहणं भाग असलेली माणसं

किगाली

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

'रवांडात एवढा वंशसंहार होऊनही ही माणसं शेजारी-शेजारी राहतात कशी?' असं तू विचारलंयस. मला वाटतं, आधी नाइलाज होता. विदर्भाच्या पाव भागाएवढा देश. एकाच टेकडीवर मारणाऱ्याचंही शेत आणि वाचलेलीचंही. जाणार कुठे?

1994 च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत आठ लाखांवर माणसं मारली गेली, बहुतेक अल्पसंख्य तुत्सी जमातीची. मारणारे बहुसंख्य हुतू जमातीचे, त्यांत शेजारीच फार. न्यायाधीश, वकील मेलेले नाहीतर पळालेले, आणि तुरुंगांत लाखाच्या वर आरोपी. नेहमीच्या कोर्टांनी शंभर वर्षं घेतली असती. बड्या लोकांचे खटले टांझानियात अरुशाला चालले. 1998 मध्ये तिथे झां-पॉल अकायेसू या गावप्रमुखाच्या निकालात बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरला. तो निकाल तू वाचच.

बाकीच्यांसाठी गाचाचा, म्हणजे गावच्या न्यायसभा. इथे तुझं डोकं फिरेल बघ. न्यायाला बसलेले गावानंच निवडलेले साधे लोक, आणि आरोपीला वकीलच नाही! 2012 मध्ये बंद होईपर्यंत सुमारे 12,000 सभांनी 19 लाखांवर प्रकरणं निकाली काढली. त्यांतली निम्म्याहून जास्त लुटालुटीची. गुन्हा कबूल केला, प्रेतं कुठे टाकली ते सांगितलं, की शिक्षा कमी. खोट्या साक्षी झाल्या, जुनी वैरं निघाली, साक्षीदारांचे खूनसुद्धा पडले. कत्तल थांबवणाऱ्या कागामेंच्या (आताच्या राष्ट्राध्यक्षांच्या) सैन्यानं ज्या हत्या केल्या, त्या मात्र या सभांपुढे आल्याच नाहीत. मला हे खटकतं. पण आपल्या माणसांची हाडं शोधून ती रीतसर पुरता आली, हे कित्येकांना याच सभांमुळे जमलं. तुझं-माझं पुस्तकी न्यायशास्त्र तेवढंही देऊ शकलं नसतं.

त्याहून टिकाऊ वाटतो तो 1999 चा कायदा: मुलींना वारसाहक्क. घरोघरी विधवा, आणि जमीन दीर-सासऱ्यांच्या नावावर. असं किती दिवस चालणार? आज संसदेच्या कनिष्ठ सभागृहात साठ टक्क्यांहून जास्त बायका आहेत. (सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवताना आपल्याकडे काय काय होतं, ते तू रोज बघतोसच.)

बेल्जियनांनी ओळखपत्रावर घातलेला हुतू-तुत्सीचा रकाना आता नाही. नाकाबंदीत तोच बघून माणसं वेगळी काढली होती. आता उघडपणे कुणी तो विषयच काढत नाही. त्यात शहाणपण किती आणि भीती किती, हे मला सांगता येत नाही. द्वेषाला आळा घालणारे कायदे विरोधकांवरही चालवले गेलेत. 2024 मध्ये कागामेंना 99 टक्के मतं पडली, यावरून काय ते समज.

उद्या महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे उमुगांडा. सकाळी दुकानं बंद, सगळ्यांनी रस्ते-गटारं साफ करायला जायचं. मीही जातो, बरंही वाटतं. पण बोलावलं की निमूट जमायची ही सवय 1994 च्या आधीचीच आहे, आणि तेव्हाच्या पुढाऱ्यांनी कत्तलीलाही 'काम' म्हणूनच लोकांना बोलावलं होतं. फावडं हातात घेतलं की हे हटकून आठवतं.

डिसेंबरात येतोय. तोवर सांग, वकील नसलेल्या त्या सभेत न्यायाला बसायला तू तयार झाला असतास का? काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिल