टाकीवर नाव न घालता गेलेल्यांना

दादांनो, तायांनो,

निम्मा वैशाख सरला तरी चावी सोडली की टाकीला धार येते. झऱ्याचं पाणी वाड्यावर आणून तुम्ही निघालात तेव्हा आभार धड मानता आले नव्हते, म्हणून हे पत्र.

वेल्ह्याच्या डोंगरात पाऊस कमी पडत नाही. पण इथल्या कातळावर तो थांबत नाही, धो धो वाहून धरणात जातो. धरणातून पुण्याला पाणी मिळतं आणि धरणाच्या डोक्यावरचे धनगरवाडे शिमग्यापासून हंडे घेऊन ओढ्याला उतरतात.

मदत करणारे तुमच्याआधीही आले होते. घोंगडी पांघरणाऱ्यांना ब्लँकेटं वाटून फोटो काढणाऱ्यांचं सोडा, पाणी आणायला आलेल्यांचं बोलू. ती मंडळी दिवाळीच्या सुट्टीत आली. तेव्हा सह्याद्रीतला झाडून सगळा झरा भरात असतो. त्यांनी झऱ्याच्या तोंडावरच उंच सिमेंटची भिंत घातली. भिंतीआड पाणी हातभर चढलं, झऱ्यावर उलटा दाब आला आणि पाण्याने बाजूच्या भेगेतून दुसरी वाट धरली. पाइप गवतात उघडाच टाकलेला. माघात वणवा लागला, त्यात निम्मा वितळला. उरलेल्या सांध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, त्या खालच्या उताराचा दाब काय धरणार? भिंतीवरची संगमरवरी पाटी मात्र शाबूत आहे.

तुम्ही आलात ते मे महिन्यात, 20 लिटरचा कॅन आणि घड्याळ घेऊन. कुठला पाझर दुष्काळातही आटत नाही, हे पुढाऱ्यांना न विचारता पाणी भरणाऱ्या बायांना विचारलंत. त्यांनी कड्यातल्या लाल मातीच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तो पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला ओल टिकते. कॅन भरायला 4 मिनिटं लागली. म्हणजे दिवसाला 7200 लिटर. माणशी 55 लिटर धरले तर 70 माणसांना 3850, म्हशीला 60 धरले तर 40 जनावरांना 2400. जेमतेम बसतं, तेही रात्रीचं पाणी वाया गेलं नाही तरच. म्हणून 5000 लिटरची टाकी. जनावरं हिशोबात धरणारे तुम्ही पहिलेच.

झरा तुम्ही अडवला नाहीत. पाणी गोळा करायच्या पेटीचं तोंड झऱ्याच्या डोळ्यापेक्षा खाली ठेवलंत, वरच्या अंगाला पावसाचं गढूळ पाणी वळवायला चर काढलात. पाइप 32 मिलिमीटरचा, काळ्या एचडीपीई प्लास्टिकचा, 6 किलो दाबाचा, दोन फूट खोल पुरलेला. कातळावर खणता येत नाही तिथे जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे तुकडे क्लॅम्प मारून बसवले. झरा ते टाकी उतार 90 मीटरचा, आणि 6 किलोचा पाइप 60 मीटरच्या पाण्याचाच दाब पेलतो. खालची चावी बंद केली की तळचे सांधे सुटणार, म्हणून मध्यावर उघडी लहान टाकी घेऊन दाब तिथेच तोडलात. पाइप जिथे चढून पुन्हा उतरतो तिथे हवा कोंडून धार बंद पडते. त्या उंचवट्यावर हवेची चावी आहे, आणि खोलगटात गाळ काढायला कॉक.

पण हे सगळं कुणी चांगला इंजिनिअरही करून गेला असता. आम्हाला धरून राहिलंय ते वेगळंच. टाकीवर जिथे देणगीदाराचं नाव असतं, तिथे तुम्ही निळ्या ऑइलपेंटने लिहिलंत: ‘पाइप 32, दाब 6 किलो. धार कमी झाली तर आधी झऱ्याची जाळी, मग हवेची चावी, मग गाळाचा कॉक. टीसीएल 25 ग्रॅम, अर्धा तास थांबून पाणी सोडा.’ टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. बस्स. खाली पत्र्याच्या डब्यात पाइप जोडायचे सहा कपलर, रबरी रिंगा, दोन पान्हे.

आणि ताई, शेवटचे सांधे तुम्ही स्वतः केले नाहीत. वस्तीतल्या पोरींच्या हातात पाइप दिलात. टोक काटकोनात कापायचं, कडेची धार कोयत्याने तासायची, कारण तिरकं टोक रिंग चिरतं आणि तिथेच ठिबकायला लागतं. साबणाचं पाणी लावून रिंगेच्या पलीकडे जाईपर्यंत ढकलायचं, नट हाताने आवळायचा, मग पान्ह्याचा थोडाच पीळ. पहिला सांधा गळला तेव्हा तुम्ही पुढे झाला नाहीत, नुसत्या थांबलात. श्रावणात दरड घसरून पाइप तुटला, तो त्याच पोरींनी दुपारपर्यंत जोडला. पुण्याला फोन करावा लागला नाही.

देणारे पुष्कळ असतात हो. समोरच्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारून घेण्याइतकी माणुसकी थोड्यांकडे असते, आणि ती असली की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

डब्यातले दोन कपलर वापरले गेलेत, रिंगा चारच उरल्यात. मोजणीला याल तेव्हा तेवढं आणा, पैसे आम्ही काढून ठेवलेत. वरच्या वाडीतली माणसंही त्यांचा पाझर मोजायचं म्हणतायत, तेव्हा कॅन आणि घड्याळ विसरू नका. मुक्कामाला या, ताक-भाकरीची सोय आमच्याकडे.

तुमचेच,
वाड्यावरचे सगळे